विहंगच्या पोटावरची सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. बशीएवढा काळा दगड, मधोमध जरा खोलगट, एवढंच माझं रूप. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत एका पाथरवटाच्या पालावर मी बसले होते. सत्यभामाबाईंनी माझ्यावर बोट फिरवलं, मला गालाला लावून पाहिलं आणि पिशवीत घातलं. परतीच्या एसटीत त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. पद्मजा तेव्हा अजून जन्माला यायची होती.

सत्यभामाबाईंच्या देऊळघाटच्या घरातले माझे दिवस आठवले, की दगड असूनही मी ओली होते. सकाळच्या उन्हात सत्यभामाबाई पाय पसरून बसायच्या, अंगावरच्या दुधाचे चार थेंब माझ्यावर टाकायच्या आणि तान्ह्या पद्मजेसाठी गुटी उगाळायच्या. हात फिरायचा तसा गळाही फिरायचा :

पहिला माझा वळसा गं, वेखंडाच्या कांडीला
पद्मा माझी निजली गं, टेकून माझ्या मांडीला

नवी कांडी घरात आली, की ती एकटीच उगाळायची, अशी रीत होती. मग बाळाचं पोट पाहायचं, झोप पाहायची, शी पाहायची. मानवलं तरच दुसरी. तरी चूक व्हायचीच. एकदा जायफळ जरा जास्त उगाळलं गेलं आणि पद्मजा दिवस कलला तरी डोळे उघडेना. सत्यभामाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पद्मजा मोठी झाली, लग्न होऊन बुलढाण्याला आली. तिचे यजमान चिंतामण तिथे कचेरीत लिपिक आहेत. आईने लेकीच्या सामानात मला साडीत गुंडाळून दिलं. पण विहंग जन्मला, तेव्हा डॉक्टरांनी तान्ह्याला गुटी देऊ नका म्हणून सांगितलं. जायफळाची गोष्ट पद्मजेने ऐकलेलीच होती. मी ओट्याखाली फिनेलच्या बाटलीशेजारी जाऊन बसले. वर्षं गेली. माझ्यावर धुळीचा लेप चढला.

मला बाहेर काढलं ते विहंगनेच. तो पाच वर्षांचा झाला होता, पण बोलत नव्हता. याला ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हाक मारली तर वळून पाहायचा नाही, मिक्सर लागला की कान झाकायचा. पण माझ्या खोलगट जागेत तळहात ठेवला, की तो शांत व्हायचा. माझा गारवा त्याला आवडे. मित्रांनो, सत्यभामाबाईंनंतर इतक्या प्रेमाने मला कोणीच हात लावला नव्हता.

मग एकदा चिंतामणरावांनी तीन डबे आणले. फोनवर अशाच मुलांच्या आईबापांचा एक गट होता. तिथे कुणी म्हणालं होतं, यानं आमचं लेकरू बोलायला लागलं. एक पावडर, एक चघळायच्या गोळ्या, एक माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. सत्यभामाबाईंनी देऊळघाटहून फोनवर मुहूर्त काढून दिला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू केलेलं कधी सरत नाही म्हणाल्या. म्हणून अखाजीच्या सकाळी, आंब्याच्या रसाआधी, तिन्ही डबे एकदमच फुटले. विहंगला गोळी चावता येईना, म्हणून पद्मजेने मला धुतलं, गोळी माझ्यावर वाटली, त्यातच पावडर आणि तेल कालवलं. पुन्हा कामाला लागले म्हणून मी हरखले होते.

आणि थोड्याच दिवसांत विहंग माठाकडे बोट करून म्हणाला, "पानी."

चिंतामणरावांनी ते कचेरीत सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. रोज संध्याकाळी पेला हातात धरून ते लेकासमोर बसायचे आणि तो शब्द पुन्हा ऐकून घ्यायचे. पद्मजाही हसायची. पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. विहंगला सारखी पातळ शी होत होती. आवडीची ज्वारीची भाकरी तो ढकलून देत होता. झोप उडाली होती. हे बाधत तर नसेल ना, असं ती म्हणायची आणि अंगी लागायले वेळ लागते, असं चिंतामणराव म्हणायचे. दोघंही लेकाच्या भल्याचंच बोलत होते. म्हणून तर त्यांना भांडताही येत नव्हतं.

एका दुपारी सत्यभामाबाई आल्या होत्या. सगळे बोलत बसले असताना विहंगने मला ओट्यावरून ओढलं, जमिनीवर आडवा झाला, सदरा वर केला आणि मला उघड्या पोटावर ठेवलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्याच्या आतली कळ मला कळत होती. पण मी दगड. मला कुठे तोंड?

पद्मजेने पाहिलं. ती तिथेच खाली बसली.

"त्याचं पोट दुखून राह्यलं हो," ती म्हणाली. "आपल्याले सांगता येत नाही, म्हणून दगडाले सांगून राह्यला."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "जावाईबापू, एकाच दिवशी तीन नव्या सुना घरात घेतल्या. आता भांडी कोण फोडून राह्यलं, ते कसं समजन?"

"मुहूर्त तुमीच काढला होता, मामी."

"काढला. तीन सुनांचा नव्हता काढला."

चिंतामणराव हसले नाहीत. ते लेकाकडे पाहत होते. म्हणाले, "अन् बंद केल्यावर शब्द गेला तं? एकच तं शब्द हाय त्याच्याजवळ."

"शब्दाची वाट पाहीन मी," पद्मजा म्हणाली. "पण हे नाही पाहवत मले."

दुसऱ्या दिवशी ती दोघं तिन्ही डबे घेऊन डॉक्टरांकडे गेली. परतल्यावर पद्मजा सत्यभामाबाईंना सांगत होती, ते मी ऐकलं. पावडरीत आणि गोळ्यांत एकच गोष्ट होती, म्हणून ती दुप्पट जात होती आणि त्यानेच पोट बिघडलं असावं. सगळं थांबवा, रक्त तपासू, कमी असेल तेवढंच देऊ, तेही एकेक करून, असं डॉक्टर म्हणाले होते. शब्द कशाने आला, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नव्हतं. पुढे रक्तात एक जीवनसत्त्व कमी निघालं. त्याचे थेंब सुरू झाले. थेंबांना माझी गरज नव्हती.

विहंगचं पोट सुधारलं. भाकरी पुन्हा आवडू लागली. पण शब्द गेला. चिंतामणराव पेला धरून बसायचे आणि विहंग पाठ फिरवायचा. हळूहळू त्यांनी पेला धरणंही सोडलं. नुसतेच लेकाशेजारी बसू लागले, भिंतीला टेकून.

मी आता गॅलरीत असते. माझ्या खोलगट जागेत पाणी ओतून विहंग बोट फिरवत बसतो. परवा उन्हाने ते पाणी आटलं. त्याने कोरड्या दगडावर हात फिरवला, शेजारी बसलेल्या बापाची बाही ओढली आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "पानी."

चिंतामणरावांनी 'पुन्हा म्हण' असं म्हटलं नाही. ते उठले, तांब्या भरून आणला आणि माझ्यावर पाणी ओतलं. आतून पद्मजेचं गुणगुणणं ऐकू येत होतं :

विहंग माझा निजला गं, टेकून माझ्या मांडीला

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या वर्गात न बोलणारं कुणी असेल, तर त्याचे हात कुठे जातात ते पाहत जा. आणि कधी माझ्यासारख्या सहाणेवर औषध उगाळलंत, तर दुसरं उगाळण्याआधी तिला स्वच्छ धुवा, लेकराकडे नीट पाहा आणि थोडं थांबा.