गोड मुळी

डोंगरातल्या अझ्रू गावच्या मंगळवारच्या बाजारात जडीबुटीची पंधरा दुकानं, त्यातलं बायकांचं एकच. इत्तो आणि तिची धाकटी जाऊ तुदा ते चालवायच्या. इत्तो माल पारखायची, तुदा गिऱ्हाईक बोलण्यात गुंगवायची. बाजारात बाईला मानाने 'लाल्ला' म्हणत, पुरुषाला 'सी'.

त्या सकाळी बास्सू नावाचा नवा व्यापारी पोतं घेऊन आला. "अक्कलकारा आहे, लाल्ला इत्तो. निम्म्या भावात! चार दुकानांत देऊन आलोय."

दातदुखी-खोकल्यावरचा अक्कलकारा आता डोंगरात उरलाय कुठे? इत्तोने मूठभर मुळ्या उचलल्या. वरच्या खऱ्या होत्या. पोत्याच्या तळातली एक जाड मुळी तिने मोडली, तर पांढरट चीक आला. तो जिभेच्या शेंड्याला लावून ती लगेच थुंकली. अक्कलकारा जिभेला चरचरतो; ही मुळी गोड लागली. ती गोडी तिला ठाऊक होती. लहानपणी शेजारची दोन भावंडं रानात असलीच मुळी चघळून दगावली होती.

"यात अद्दाद मिसळलंय," ती म्हणाली. "विष आहे हे."

बास्सू हसला. "बायकांची जीभ बडबडायला ठीक. पारख पुरुषांवर सोडा."

"बरं. तुदा, चहाची किटली आण."

इत्तोने तळाच्या चार मुळ्या ठेचून उकळत्या पाण्यात टाकल्या. एव्हाना माणसं जमली होती. त्यांत बाजारातला सगळ्यात जुना दुकानदार हद्दूही होता. त्याने सकाळीच दोन पोती घेतली होती. इत्तोने पेला भरून बास्सूपुढे धरला.

"औषधच आहे ना? घे, पी."

बास्सूने पेला घेतला, मग हळूच खाली ठेवला. "मला... मला खोकला नाहीये."

"अरे, मग मी पितो!" म्हणून मागून कोणीतरी हात पुढे केला. इत्तोने पेला मातीत ओतला. "गंमत नाही ही."

हद्दू आपल्या दुकानाकडे वळला आणि दोन्ही पोती ओढत घेऊन आला. बाकीचेही आणू लागले. त्या गडबडीत बास्सू कधी सटकला ते कळलंच नाही.

"विकलंत का कोणाला?" इत्तोने विचारलं.

हद्दूचा चेहरा उतरला. "एकीलाच. ऐन लूह गावची इझ्झा. सासूच्या दुखऱ्या दातासाठी नेलंय."

तुदाला दुकानावर बसवून इत्तो मिळेल त्या टॅक्सीत शिरली. इझ्झाच्या घरी पोचली तेव्हा काढा गाळून झाला होता आणि म्हातारी पेल्यावर फुंकर घालत होती. इत्तोने तो हातातून हिसकावला.

"कोण गं तू भवाने? माझं औषध सांडतेस?"

"आजी, शिव्या द्या, पोटभर द्या," इत्तो तिच्याशेजारी बसकण मारत म्हणाली. "पण आधी मला पाणी द्या. चढण चढून जीव गेला माझा."

सगळं कळल्यावर म्हातारीने सुनेला भाकरी, लोणी काढायला लावलं आणि इत्तोला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

पुढच्या मंगळवारी हद्दू नव्या मालाची पिशवी घेऊन दुकानापुढे उभा राहिला. त्याच्यामागे आणखी तिघे दुकानदार.

"जरा बघतेस का, लाल्ला इत्तो?"

"बघते की," ती म्हणाली. "पण रांगेत या, सी हद्दू. आधी माझं गिऱ्हाईक."