लाखेचा मुकुट

साहेब, तो दिवा तुम्ही विझवलात. तोंडाने फुंकर मारून. दिवा फुंकरीने विझवत नाहीत हे तुम्हालाही ठाऊक होतं, कारण तुमच्या खुर्चीमागे देवीची तसबीर होती आणि तिच्यापुढे उदबत्ती जळत होती. तरी फुंकलात आणि म्हणालात, "हो गया। अब घर जाओ।"

झालं नव्हतं, साहेब. मी दिलीपची बहीण शालिनी. मी तेव्हा तुमच्या पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभी होते. तुमची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही.

छप्पन साली बाबांची विम्याच्या ऑफिसात जयपूरला बदली झाली आणि आम्ही वाईहून इथे आलो. मनिहारांच्या, म्हणजे बांगड्या करणाऱ्यांच्या गल्लीत वरचा मजला भाड्याने घेतला. समोर शकूरचं घर, खाली त्यांचं लाखेच्या बांगड्यांचं दुकान, त्यात लाख तापवायची अंगीठी. दिलीप आणि शकूर एका वयाचे. याला हिंदी येईना, त्याला मराठी. पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांना आपापल्या शिव्या शिकवल्या आणि दोस्ती पक्की झाली.

आपल्याकडच्यासारखा गणपती इथे मिळेना, म्हणून दिलीप दरवर्षी मातीचा घडवायचा. शकूर त्याला लाखेचा मुकुट करायचा, लाल, वर सोनेरी बेगड. मुकुट तोच चढवायचा आणि विसर्जनाला तोच उतरवायचा. आई म्हणायची, ज्याने चढवला त्यानेच उतरवावा.

"काकू, बाप्पा मला घाबरतो," शकूर म्हणायचा. "मतलब बघा ना, मी हात लावला की हलत नाही."

"तुला कोण घाबरतंय रे, माकडा!" आई म्हणायची आणि त्याच्या हातावर मोदक ठेवायची.

पासष्टचा भाद्रपद आला. गणपती बसले तेव्हा पाकिस्तानशी लढाई लांब सीमेवर होती. मग शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून शहरात अंधार पाळायचा हुकूम निघाला. दिलीप स्वयंसेवक झाला, दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. पण गणपती घरात असेतो समई विझू द्यायची नाही, हे आईला तिच्या सासूने सांगितलेलं. तिने समईभोवती टोपली उभी केली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. वरचं रोशनदान, छताजवळचा झरोका, तेवढं राहिलं. तिथे आम्ही पोतं खोचलं होतं. ते त्या संध्याकाळी वाऱ्याने सुटलं आणि उजेडाचा पिवळा पट्टा समोर शकूरच्या दुकानाच्या भिंतीवर पडला.

तुम्ही शिपाई घेऊन गल्लीत आलात. मी जिन्यात होते. "किसकी बत्ती है?" तुम्ही ओरडलात. लोक गोळा झाले. गल्लीत पहाऱ्यावर असलेल्या दिलीपने वर पाहिलं. मी पाहिलं त्याला पाहताना. त्याला कळलं होतं. वर गणपती होता, आई होती, बाबांची नोकरी होती. तुम्ही त्याचा दंड धरून हलवलात, "बोलता क्यों नहीं?"

त्याने बोट केलं शकूरच्या दुकानाकडे. "वहाँ। अंगीठी होगी।"

शकूर दारातच होता. त्यानेही मान वर केली, आमच्या रोशनदानाकडे. रोज आमच्या घरी येणारा तो, त्याला ती समई ठाऊक नव्हती? एक शब्द बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "इशारा दे रहा था, जी।" तुम्ही त्याला कॉलर धरून ओढलंत. अंगीठीत हात घालून बघितलंत का, साहेब? नाही.

घरी कोणी जेवलं नाही. बाबा म्हणाले, "आपलं नाव सांगितलं असतंस तर माझी नोकरी गेली असती. जे केलंस ते ठीकच."

"ठीक?" आई म्हणाली. "दिवा मी लावला. मला न्यायला हवं होतं."

"आई, बोट माझं होतं," दिलीप म्हणाला. ते बोट त्याने दुसऱ्या हाताच्या मुठीत दाबून धरलं होतं.

सकाळी शकूरची आई, हमीदन खाला, पदरात अंगीठीची राख घेऊन वर आली. "बाईजी, तुम्हीच सांगा. काल दिवसभर पेटवलीच नव्हती. हात लावा. थंड आहे ना?" आईने राखेत हात घातला. मान वर करून बघणं तिला जमलं नाही. दिलीप दाराआड होता. तो तिथूनच चपला न घालता तुमच्याकडे आला.

तुम्ही त्याचं सगळं ऐकलंत आणि हसलात. "पूजा का दीया? तो पहले बोलते। इसमें क्या है!" त्याला चहा पाजलात. त्याने विचारलं, मग शकूरला सोडणार ना? तुम्ही म्हणालात, "उसकी बात अलग है।"

त्या संध्याकाळी दिलीपने गणपतीपुढची समई उचलली. पेटलेली. आई आडवी आली नाही. तो अंधाऱ्या गल्लीतून ती समोर धरून निघाला आणि मी मागे. खिडक्यांमधून शिव्या आल्या. "बत्ती बुझा, मरवाएगा क्या!" एक दगड माझ्या खांद्याला लागला. दिलीप वाऱ्याला पाठ करून, तिरका तिरका चालत राहिला. तुमच्या टेबलावर समई ठेवून म्हणाला, "हीच ती. आज मी मुद्दाम दाखवली. आता मला आत टाका."

तेव्हा तुम्ही फुंकर मारलीत. तरी तो हलेना, म्हणून टाकलंत आत.

कोठडीत शकूर कोपऱ्यात बसला होता, उजवा हात काखेत दाबून. नंतर दिलीपने मला सांगितलं, शकूरने आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "समई घेऊन आलास? अबे गधे, मग तिकडे बाप्पा अंधारात बसलाय? काकू मारेल तुला."

दिलीप त्याच्यापुढे रडला. शकूरने त्याला जवळ घेतलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. फक्त सरकून भिंतीपाशी जागा करून दिली.

बाबांनी ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना मध्ये घातलं आणि दिलीप सकाळी घरी आला. शकूर राहिला. अनंत चतुर्दशी आली. बाबांनी विसर्जनाची तयारी केली तर आई पाटापुढे बसली ती उठेना. "मुकुट कोण उतरवणार?" पितृपक्ष लागला तरी गणपती आमच्या घरात, दिव्याशिवाय. इथल्या चार मराठी घरांनी आम्हाला वाळीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. आई म्हणाली, "पाप लागलंच आहे. आता नवं काय लागणार?"

लढाई थांबल्यावर शकूर सुटला. आला, हातपाय धुतले, पाटापुढे बसला. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. लाख गरम असताना बोटांनीच वळावी लागते, साहेब. त्याला मुकुट धरवेना. दिलीपने पुढे हात केला तेव्हा तो म्हणाला, "तू नको. थांब." डाव्या हाताने, मनगटाचा आधार देत, कितीतरी वेळाने त्याने तो उतरवला आणि दिलीपच्या मांडीवर ठेवला. दिलीपने तो उचललाही नाही, खाली ठेवलाही नाही. तसाच बसून राहिला.

शकूर आता दुकानात गिऱ्हाईक बघतो. लाख दिलीप वळतो. कॉलेज सोडलं त्याने. वाईट वळतो, बायका नावं ठेवतात आणि शकूर त्याला सगळ्यांसमोर शिव्या देतो, मराठीतून.

माझ्या भावाने काय केलं ते मी लपवलेलं नाही. त्याने बोट केलं, त्याचं तो रोज भरतो. आता तुमचं बोला. उजेड एकच होता. आमच्या घरात ती पूजा आणि शकूरच्या भिंतीवर तो इशारा, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? खरं कळल्यावरही त्याला का सोडलं नाहीत? आणि ती दोन बोटं कोणी मोडली? मी त्याच गल्लीत, त्याच वरच्या मजल्यावर राहते. पत्ता तुम्हाला माहीत आहे. उत्तर द्या.