कंदिलाची काच

विंझरच्या वरच्या आळीत हरिनाम सप्ताह बसला की वीणा पहिल्यांदा हरिबांच्या गळ्यात. वीणा उभ्यानं घ्यायची, भुईला टेकवायची नाही, आणि जो पाया पडेल त्याच्या पायांशी वीणेकऱ्यानंही वाकायचं, मग ते शेंबडं पोर का असेना, ही रीत. गेल्या सालच्या सप्ताहात हरिबा वाकले ते थेट खांबावर. वीणेचा भोपळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून वीणा दुसऱ्याकडं द्यावी अशी कुजबुज होती, आणि ती हरिबांपर्यंत पोचलीही होती. कान शाबूत होते ना.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण म्हातारा ऐकेना. कच्चा आंबा कुणी उतरवतं का, पिकू द्या की. नाहीतर एखादं औषध घाला, विरघळंल. सून रत्ना समजावून थकली आणि शेवटी तिनं रखमाजी महाराजांना गाठलं.

महाराज कीर्तनाला उभे राहिले की बायांच्या हातातली वात अर्धीच वळायची राहते, अशी ती वाणी. उत्रोलीच्या कीर्तनाला रत्ना सासऱ्यांना घेऊन गेली. महाराजांनी पेटता कंदील समोर ठेवला. जुनी काच, पार दुधाळलेली. उपरण्यानं ती बाहेरून पुसली, आतून पुसली; उजेड होता तेवढाच.

"वात हाय, तेल हाय, दिवा काय इझला न्हाई," महाराज म्हणाले. "काचच धुरकाटली. मग ती आनी काळी व्हायची वाट बघायची, का बदलायची?"

त्यांनी नवी काच चढवली. उजेड मांडवभर सांडला, आणि हरिबांच्या अधू डोळ्यांनाही तो कळला. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "भोरला कवा जायचं?"

भोरला डॉक्टर शेफालींनी उजव्या डोळ्यातलं धुरकट भिंग काढलं, तिथं नवं बसवलं. पट्टी सुटली तेव्हा हरिबा सुनेकडं बघतच राहिले.

"पोरी, तुजं क्यास कवा पांढरं झालं?"

"तुमची समजूत घालता घालता, मामा."

डॉक्टरांनी बजावलं होतं, काही आठवडे वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. हरिबांनी मान डोलावली खरी, पण सप्ताह तोंडावर आला होता. वीणा गळ्यात पडली, पहिला माळकरी पायाशी आला आणि हरिबांची कंबर आपसूक लवू लागली. जन्माची सवय ती. समोरचा वाकलेला असताना ताठ उभं राहायचं म्हणजे पापच. बायकांत बसलेल्या रत्नाच्या हातातले टाळ थांबले.

तेवढ्यात रखमाजी महाराजांनी पुढं होऊन त्यांचे खांदे धरले. म्हणाले, "वाकणं मनाचं असतंय, हरिबा. कंबर ऱ्हाऊ द्या." मग मांडवाकडं वळून सांगितलं की यंदा हरिबांच्या पाया कुणी पडायचं नाही, उराउरी भेटायचं. आणि वीणा सांभाळत, एका अंगानं, पहिली मिठी त्यांनीच मारली.

ज्या मुखानं आपल्याला उजेडात आणलं ते मुख हरिबांनी कैक वर्षांनी जवळून पाहिलं. कपाळावरचा बुक्का, हसरे ओठ, आणि डाव्या बुबुळात मधोमध दुधाचा ठिपका.

हरिबा त्यांच्या कानाशी लागले. "महाराज, तुमच्या डाव्या काचंचं काय?"

महाराज खाली बघत हळूच म्हणाले, "सप्ता उठला की रत्नाला सांगा. आमी तिच्या शब्दाभाईर न्हाई."