सुईणमावशी वर्गात बसते

गल्लीतल्या निम्म्या लोकांना या जगात आणलं ते सुईणमावशीने. कुणाशी वाजलं, की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "माझ्यापुढे आवाज चढवू नकोस. तुझा पहिला आवाज मीच ऐकलाय." समोरचा मुकाट घरात जायचा. मावशी अंगाने आडवी आणि तोंडाने फटकळ होती, पण तिचा हात पाठीवर पडला की अडलेल्या बाईला निम्मा धीर यायचा.

मग आरोग्य केंद्राने नियम काढला. तिथला वर्ग पूर्ण केल्याशिवाय कोणत्याही सुईणीने बाळंतपणाला हात लावायचा नाही. वर्ग रोज दुपारी, आणि शेवटी परीक्षा.

"परीक्षा?" मावशी नवऱ्याला म्हणाली. "अहो, प्रत्येक पोर माझी परीक्षा घेऊनच बाहेर येतं!"

"मग ही सोपी जाईल," नवरा म्हणाला. रखवालदारीतून निवृत्त झाल्यापासून त्याला बायकोची गंमत बघण्यापलीकडे दुसरं काम नव्हतं.

मावशीची शाळा चौथीत सुटली होती. आई बाळंतपणं करत फिरायची आणि घरात धाकट्यांना बघायला कुणी नसायचं. वाचता यायचं, पण ओळीखाली बोट सरकवत, अक्षराला अक्षर जोडत. अशी ती वही घेऊन केंद्राच्या मागच्या खोलीत गेली, तर बाकं लहान मुलांची. बसली खरी, पण उठताना बाकही बरोबर उठलं. सगळ्या बायका हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने मावशीच हसली.

शिकवायला होती केंद्राची तरुण नर्स. तीही मावशीच्याच हातची.

"मावशी, वर्गात मला बाई म्हणायचं बरं का."

"म्हणते की. पण जन्मलीस तेव्हा रडायलाही तयार नव्हतीस. पाठीवर चापट मारली तेव्हा कुठे तोंड उघडलंस. आता बघा, बोलायची थांबत नाही!"

नर्स लाजली, पण तिने वर्ग सोडला नाही. हात कसे धुवायचे, कात्री का उकळायची, रक्तदाबाचं यंत्र दंडाला कसं बांधायचं, एकेक गोष्ट ती शिकवत गेली. मावशी कुरकुरायची, पण घरी जाऊन नवऱ्याच्या दंडाला फडकं बांधून सराव करायची.

एका दुपारी नर्सने फळ्यावर गरोदर बाईचं चित्र काढलं. "दिवस भरत आले की कुणाकुणाचा चेहरा सुजतो, हात सुजतात. डोकं ठणकतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. याचा अर्थ रक्तदाब वाढलाय. तेव्हा दुर्लक्ष केलं तर पुढे झटके येतात, आणि बाई हातची जाऊ शकते. पण वेळेत दवाखान्यात नेली, तर बहुतेक बायका वाचतात."

बायका लिहून घेत होत्या. मावशीची पेन्सिल मात्र जागच्या जागी थांबली. थोड्या वेळाने ती उठली आणि बाहेर पडली.

तिची धाकटी बहीण अशीच गेली होती. तेव्हा मावशी आईच्या हाताखाली शिकत होती. "ताई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात गं," बहीण म्हणाली होती. "उन्हातून आलीस, जरा पड," असं मावशीने सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत झटके सुरू झाले, आणि दिवे लागायच्या आत बहीणही गेली, पोटातलं बाळही. कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, नशीब.

बहिणीचा नवरा सुतार होता. त्याला या दोन्हींपैकी काहीच पटलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी त्याचं आणि बायकोचं भांडण झालं होतं, अगदी क्षुल्लक कारणावरून. तेच तिच्या डोक्यात गेलं, असं त्याने मनाशी धरलं ते कायमचं. पुन्हा लग्न केलं नाही. कुणी विषय काढला, तर रंधा आणखी जोराने चालवायचा.

मावशी केंद्रातून निघाली ती थेट त्याच्या कारखान्यात. तो दाराची चौकट घासत होता.

"भावोजी, हातातलं जरा खाली ठेवा."

त्याने ठेवलं. मावशी भुशावरच बसली आणि नर्सने सांगितलेलं सगळं तिने जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "तो आजार होता. भांडणाने होत नाही तो. तुम्ही त्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन नाचला असतात, तरी झालाच असता."

सुतार बराच वेळ हातावरची धूळ झटकत राहिला. हात स्वच्छ झाले तरी झटकतच राहिला.

"ताई, मग ती वाचली असती?"

खोटं बोलावं, असं मावशीला क्षणभर वाटलं. "वाचली असती बहुतेक. कुणाला ठाऊक असतं तर. मला नव्हतं."

सुताराने तोंड फिरवलं. खांदे हलले, तेवढेच. मावशीचेही डोळे वाहत होते. "आता कशाला जायचं त्या वर्गात," ती म्हणाली. "जे शिकायचं ते तेव्हा शिकायला हवं होतं. आता एकेक धडा शिकायचा आणि एकेक मेलेलं माणूस आठवायचं का?"

सुतार वळला. "ताई, इतकी वर्षं मी स्वतःला काय काय म्हणत आलोय, तुम्हाला कल्पना नाही. आज त्या वर्गामुळे सुटलो. तुम्ही उद्या जायचं."

दुसऱ्या दिवशी मावशी वर्गात हजर होती. नर्सने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

वर्ग संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. मावशी पाव आणायला बेकरीत गेली, तर गल्ल्यावर बेकरीवालीची सून बसलेली, पोट पुढे आलेलं. सुटे पैसे देताना मावशीला तिचा हात दिसला. अंगठी बोटात रुतली होती.

"डोकं दुखतं का गं?"

"कालपासून ठणकतंय. भट्टीची धग लागली असेल."

मावशी पाव तिथेच टाकून केंद्रात पळाली आणि नर्सकडून यंत्र घेऊन आली. सुनेच्या दंडाला पट्टा बांधला. आकड्यांवर बोट ठेवून वाचले, पुन्हा वाचले. आकडे काही कमी होईनात.

"हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

"उगाच घाबरवू नकोस," सासू आतून आली. "सूज सगळ्यांनाच येते. मला इतकी मुलं झाली, मी कधी दवाखान्याची पायरी चढले का?"

"तुझं नशीब चांगलं होतं. पण नशिबावर माझा भरवसा उरलेला नाही," मावशी म्हणाली. "माझ्या सख्ख्या बहिणीला मी 'जरा पड' म्हणाले होते. हिला नाही म्हणणार."

सासूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. या बाईचा आवाज कापताना गल्लीत कुणी ऐकला नव्हता. "अरे, गाडी काढ!" सासू मुलावर ओरडली. त्याने पिठाने माखलेल्या हातांनीच पाव पोचवायची गाडी काढली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मूल लवकर काढायचं ठरवलं. मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडली खणखणीत. सून दोन दिवस ग्लानीत होती. तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि चहा मागितला.

परीक्षेत मावशी काठावर पास झाली. "लिहिण्यात गुण गेले," नर्स म्हणाली. "तोंडी घेतली असतीस तर पहिली आले असते," असं मावशीने ऐकवलं.

त्यानंतर एकदा ती बेकरीत गेली, तेव्हा भरपूर गिऱ्हाईक होतं. सासूने पैसे मोजता मोजता विचारलं, "नेमकं काय झालं होतं गं आमच्या सुनेला? डॉक्टर बोलले, पण डोक्यावरून गेलं."

मावशीने पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि सांगायला लागली. सूज कुठली साधी, कुठली नाही. डोकं कसं ठणकतं. मागे उभ्या असलेल्या बायका पुढे सरकल्या. एक पुरुष घाईत होता. "मावशी, आधी माझे पाव तरी देऊ द्या," तो म्हणाला.

"थांब रे," मावशी म्हणाली. "तुझीही बायको गरोदर आहे ना? मग नीट ऐक."

तो थांबला.