राधेच्या पापण्या

धाकूने चिकटवलेली खोटी पापणी तिसऱ्यांदा सुटली आणि काशीरामच्या गालावर सुरवंटासारखी आडवी पडली.

"मेलो रे!" काशीराम ओरडला. "डिंक डोळ्यात गेला."

दाराबाहेर भाकऱ्यांच्या गाठोड्याजवळ बसलेली हौसा तांब्या घेऊन धावत आत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. कमरेला लुगडं, तोंडाला गुलाबी रंग आणि वर उघडी केसाळ छाती, असा आपला नवरा बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं तिने हे टाळलं होतं. काशीराम गावच्या नमनात, शिमग्याच्या नाचगाण्याच्या खेळात, राधा होऊन नाचायचा आणि विहिरीवर बायका तिला विचारायच्या, "काय गो, सवत बरी हाय ना तुझी?" त्या थट्टेपायी तिने एकसुद्धा नमन पाहिलं नव्हतं. शिमग्यात मृदंग वाजायला लागला की ही आपली घरात दार ओढून. आजही रत्नागिरीला आली होती ती भाकऱ्या घेऊन, तेवढ्यापुरती.

पण आजची गोष्ट साधी नव्हती. गेल्या सालच्या इथल्याच नमनाच्या स्पर्धेत परीक्षकाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "राधा नाचते छान, पण तिला डोळेच नाहीत." गावच्या बत्तीत कधी कळलं नव्हतं, इथल्या विजेच्या दिव्यांखाली काशीरामचे बारके, खोल डोळे कुठल्या कुठे गडप झाले. मंडळाने ठरवूनच टाकलं. ह्या सालीही तसंच झालं तर पुढच्या शिमग्याला राधा मंडळातला तरणा सोनू करणार. आठ दिवस काशीराम धड जेवला नव्हता. नांगर धरता धरता मध्येच म्हणाला होता, "राधा गेली तर माझ्याकडे काय उरलं गो?"

तिने त्याचा डोळा धुतला. मग धाकूच्या हाताकडे पाहिलं. तीस वर्षं मंडळाला रंग लावणारा म्हातारा, हात आता वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते.

"सरका जरा, धाकूतात्या," ती म्हणाली.

वाडीत कुणाच्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलं की माणसं हौसाकडे यायची. लुगड्याच्या पदराचं टोक पिळून ती ते अलगद काढायची. तिची उजव्या हाताची करंगळी लग्नानंतरच्या पहिल्याच कापणीत विळ्याने कापली तेव्हापासून वाकत नसे. इतर वेळी पाहुण्यांसमोर ती करंगळी पदरात लपवी. डोळ्याच्या कामात मात्र ती बाजूला ताठ राही आणि आड येत नसे.

काशीरामचा धाकटा भाऊ भिवा मुंबईला नाटकाच्या थिएटरात दारावर असायचा. त्याने साबणाच्या डबीतून पापण्यांचे तीन जोड आणले होते.

"वैनी, लांब लावा," भिवा म्हणाला. "मागच्या रांगेतल्याला दिसाय नकोत?"

हौसाने डिंक न लावताच लांब पापणी त्याच्या मिटल्या डोळ्यावर धरली. "उघडा."

काशीरामने डोळा उघडला. डोळा कसला, नुसते केस दिसत होते.

"पडवीला झावळ्यांचा झाप लावल्यागत झालंय, भावोजी. आतलं मानूस कुणाला दिसनार?"

दुसरा जोड कोपऱ्यांकडे दाट होता. त्याने डोळे खाली ओढले. "ही तर माहेराहून रडत आल्यागत दिसते," हौसा म्हणाली, आणि एवढ्या काळजीतही काशीराम फसकन हसला.

तिसरा जोड विरळ आणि आखूड, मधोमध तेवढा जरासा लांब. भिवाने तो उगाच डबीत टाकला होता. हौसाने तो धरला आणि तिचा हात तिथेच थांबला. डोळा उघडला होता. गोल, ओला, मोठा. बारक्या डोळ्याला जागा हवी होती, पांघरूण नव्हे.

"ह्याच," ती म्हणाली.

"एवढ्याशा?" भिवा म्हणाला. "वाटोळं होईल."

"ह्याच!"

पापणीची पट्टी डोळ्यापेक्षा दोन तांदळांएवढी रुंद होती. ती तिने बाहेरच्या बाजूने कातरली. डिंक लावला, फुंकर घातली आणि तो जरा सुकेपर्यंत थांबली. धाकू ओलाच चिकटवत होता, म्हणून सुटत होतं. मग मधला भाग आधी टेकवला, नंतर दोन्ही टोकं. काशीरामची डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली असते, हे फक्त तिलाच ठाऊक. डावीकडची पट्टी तिने केसभर वर घेतली. त्याचा श्वास तिच्या मनगटावर येत होता. उजेडात इतक्या जवळून तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

चोळी चढली. आंबाडा बसला, त्यावर वेणी. धाकूने डोक्यावरून पदर दिला.

"टिकल्यात काय, बघू," काशीराम म्हणाला. आणि त्याने डोळे खाली घातले, सावकाश वर उचलले, मान कलती केली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी पदर पुढे ओढला. करंगळी ताठ.

हौसाच्या हातातली कातर खाली पडली.

"ही आमची राधेची करंगळी," धाकू कौतुकाने म्हणाला. "सावर्ड्याची पोरं चार दिवस मुक्कामाला होती, तेवढीच शिकायला. आता हातखंब्यापासून पुढं सगळ्या राधा अशीच धरतात. पन ह्याच्यासारखी कुनाला जमत नाय."

हौसा आपल्या हाताकडे बघत राहिली. मग समोरच्या बाईकडे. मान तीच. डोळे खाली घालून वर उचलायची रीत तीच. डोक्यावर हंडा घेऊन पाणंदीने चढताना कुणी मोठं माणूस समोर आलं की ती असाच पदर ओढायची. एवढी देखणी? आपण?

"कधीपास्नं?" तिने कसंबसं विचारलं.

"पयल्या सालापास्नं," काशीराम म्हणाला. "बाई कशी चालते, कशी लाजते, ते मी दुसऱ्या कुनाचं बघनार?"

"सांगितलंत नाय कधी."

"तू येशील आनि बघशील, वाटायचं."

बावीस शिमगे ती दार लावून बसली होती आणि तिकडे अंगणात हजार माणसं तिलाच बघत होती.

धाकूने कुंकवाचा करंडा पुढे केला. मंडळाची रीत अशी, की राधेने आपलं कुंकू शेवटी आपल्याच हाताने लावायचं. एकदा लावलं की तो राधाच, त्याला कुणी नावाने हाक मारायची नाही. काशीरामने कुंकू रेखलं. धाकूने आणि भिवाने हात जोडले. हौसाचेही हात आपोआप जुळले. राधेने बोट पुन्हा करंड्यात बुडवलं आणि एक सवाष्ण दुसरीला लावते तसं हौसाच्या कपाळी लावलं.

बाहेर मृदंगावर थाप पडली. हौसाने भाकऱ्यांचं गाठोडं भिवाच्या हातात कोंबलं आणि धावत प्रेक्षकांत गेली. जागा मिळाली ती अगदी मागच्या रांगेत.

झगझगीत दिव्यांखाली राधा आली. तिने डोळे वर उचलले आणि मागच्या रांगेपर्यंत ते आले.

"अगो बाय, डोळे काय हायत गो!" शेजारची म्हातारी म्हणाली. मग राधेने पदर ओढला, तशी तिने हौसाला कोपराने ढोसलं. "आनि ती करंगळी बघ. अशी बाई खरी असंल काय गो कुठं?"

हौसाने पदरात लपवलेला हात बाहेर काढला आणि मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.