आसाकुसातला मीटर

टोकियोतल्या आसाकुसाच्या देवळापुढे धूपाचं भलंमोठं पात्र आहे. त्याचा धूर लोक दुखऱ्या अंगावर ओढून घेतात. फुकुशिमाची अणुभट्टी फुटली त्या भूकंपाच्या वर्षी, जूनमधल्या एका रविवारी, हिगाशी-कसाई वस्तीतल्या पंधरावीस मराठी माणसांनी तिथेच सदानंद महाराजांना गराडा घातला होता. महाराजांनी उपरण्याचा पदर आठ वर्षांच्या अनयाच्या पोटाशी धरला आणि वर किरणोत्सर्ग मोजायचा मीटर टेकवला. मीटर कडकड वाजू लागला. आयटीतली हुशार माणसं आकडा बघून गार पडली.

"फुकुशिमाचं विष," महाराज म्हणाले. "पोरीचा साखरेचा आजार हे त्याचंच रूप."

त्यांनी तिच्यावर धूर ओढला, काहीबाही पुटपुटले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि मीटर पुन्हा लावला. तो गप्प. बायकांनी हात जोडले.

"आजपासून सुई बंद."

"बंद, महाराज," म्हणत अनयाची आई स्वप्ना इन्सुलिनचं पेन टाकायला कचऱ्याची पेटी शोधू लागली. जपानात रस्त्यावर पेटी सापडत नाही, म्हणून पेन वाचलं. महाराजांची कृपा नव्हे ती.

अनयाची आत्या सिंधू रसायनशास्त्रात संशोधन करायची. सुई थांबली तर पोरगी दोन दिवसांत बेशुद्ध पडेल, हे तिला ठाऊक होतं. पण आरडाओरडा केला तर वहिनी हट्टाला पेटणार. दोन मोजण्यांत बदललं काय? धूर, मंत्र, आणि उपरणं.

"महाराज, उपरणं बघू जरा."

"पवित्र वस्त्र आहे ते, बाई."

"बरं, राहू दे." तिने मीटर उचलला आणि थेट त्यांच्या खांद्याला लावला. कडकडाट झाला. "विष तुमच्यातही आहे की. ओढा धूर."

कुणीतरी हसलं. अनयाचे बाबा धीरज मात्र हसले नाहीत. त्यांनी पदर ओढून शिवण उसवली. आत गॅसबत्तीच्या पांढऱ्या जाळ्या घड्या घालून ठेवल्या होत्या.

"जुन्या जाळ्यांत थोरियम असतं," सिंधू म्हणाली. "त्याच्या किरणांनी मीटर वाजतो. पदर पोरीपाशी आला की वाजला, खांद्यावर गेला की गप्प."

स्वप्नाने मीटरकडे बोट दाखवलं. "पण आकडा होता ना गं, सिंधू."

"आकडा खराच होता, वहिनी. कशाचा, तेवढं विचारायचं राहिलं."

स्वप्नाने अनयाला जवळ घेतलं. आपण काय करणार होतो, या विचाराने तिला रडू फुटलं.

मंडळी, धूर खुशाल अंगावर घ्या. पण लेकराचं औषध बंद करा म्हणणारा भेटला, तर त्याचं यंत्र आधी त्याच्याच अंगाला लावून बघा.