गप उभी रांग

श्रीधरनं प्रेक्षकांच्या अभिप्रायाचा नववा कागद वाचून पालथा घातला.

‘लई अंधार. समजला नाही, पण आवडला.’

दहावा. ‘भविष्य असं असेल तर कठीण आहे. पंखे बंद होते.’

अकरावा कोराच, खाली सही मात्र ठसठशीत.

बारावा त्यानं उचललाच नाही.

सात वर्षं या एकाच सिनेमावर. हवा संपलेलं एक शहर, हवेच्या नळकांड्यांसाठी लागलेली रांग, आणि त्या रांगेत मुकाट मरणारी माणसं. महोत्सवाला सिनेमा पाठवायची मुदत आज सहापर्यंत. लोकांना भिडला तर पाठवायचा, नाहीतर हे खूळ इथंच संपवायचं, असं त्यानं सकाळी मीनाक्षीला सांगून टाकलं होतं. संकलन तिचं. ती नुसतं “बरं” म्हणाली होती. दमली तीही होती.

साडेतीन वाजले. गुलमंडीतलं ते छोटं सभागृह रिकामं झालं. मागच्या ओळीत फर्दापूरच्या बायका तेवढ्या उरल्या. सिनेमातल्या रांगेत त्याच उभ्या होत्या. स्वतःला पडद्यावर बघायला जीप करून आल्या होत्या. त्यांचे कागद मीनाक्षी लिहून घेत होती.

“मनकर्णाबाई, काय लिहू?”

“लिही, आमी लई काळ्या दिसतो.”

“आन् ही सारजी,” चतुराबाई म्हणाली, “मेल्यावरबी पदर सावरती!”

“सावरनारच. जावई बघंल उद्या.”

श्रीधर कसंबसं हसला. “आणि गोष्ट? गोष्ट कशी वाटली, मावशी?”

मनकर्णाबाई पुढं सरकली.

“दादा, रागं भरू नका. त्या रांगेत कुनी भांडत का नाय?”

“घाबरलेली माणसं आहेत ती. आतून विझलेली. आपली सगळ्यांची गत दाखवायची होती मला.”

“आसंल. पर आमच्याकडं टँकर येतो, तवा समदी घाबरलेलीच असत्यात. म्हनून तर भांडत्यात.” तिनं आवाज उतरवला. “त्या शूटिंगच्या दिशी आमीबी भांडलो व्हतो की. सारजी मधी घुसली व्हती. तुमी भोंग्यातून वरडले, गप उभं ऱ्हावा. चारदा वरडले. मंग झालो गप. तुमी म्हनले, आता बरोबर.”

श्रीधरनं कागदांची चवड टेबलावर आपटून सरळ केली. सरळच होती ती.

“ते चार टेक आहेत?” त्यानं मीनाक्षीकडं न बघता विचारलं.

“आहेत. पुसायचे राहिलेत.”

“आवाजासकट?”

“आवाजासकट.” तिनं डोळे चोळले. “पण ते घातलं तर पुढचा अर्धा सिनेमा उसवावा लागेल, श्रीधर. सहापर्यंत नाही होत.”

त्यानं खुर्ची ओढली, बायकांच्या समोर मांडली आणि बसला.

“मावशी, त्या दिवशी नंबर कुणाचा होता?”

“माझा!” मनकर्णाबाई म्हणाली.

“तुझा कसा गं? मी घोंगडी ठिवून गेल्ते तिथं!” सारजाबाई उठलीच. “इचार ना चतुराला!”

“मला मधी घेऊ नको, सारजे. तू लई खोटी बाई.”

“मी खोटी? मी?”

मीनाक्षीनं नवा कागद घेतला आणि ती ते भांडण लिहून घ्यायला लागली. बाहेर जीपवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला, तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आत तो कुणाला ऐकू गेला नाही.